गुळवेलीला आवतण

तापावरची कोयनेलची गोळी घेतली की हिच्या कानात भुंगे गुणगुणत. "भुंग्यांचं काही नाही," ती म्हणे, "पण मेले एकाच सुरात गातात."

*

नाका म्हणजे एक आडवा बांबू, त्याच्या एका टोकाला बांधलेला दगड आणि दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस.

*

चारचौघांत बायकोचं नाव घेऊ नये. झाडापुढे घ्यावं का, याबद्दल शास्त्र गप्प आहे.

*

"वेल म्हणजे लाकूड नव्हे. तथापि गवतही नव्हे." हा एका वरिष्ठांचा शेरा. शाई लाल.

*

नाशिकला माझ्या सासुरवाडीत चूल एक आणि हिच्या वहिन्या तीन.

*

मूठभर तांदूळ, एक सुपारी. तांदूळ फुटका नको.

*

मेव्हण्याचं कार्ड आलं : "दिवाळी आटोपली की गाडी घेऊन येतो. जिथली हवा मानवत नाही तिथे राहण्यात अर्थ नाही. अन्नूला कायमची घेऊन जाईन म्हणतो. आपण सवडीने यावं-जावं."

*

हे तुकडे वाचून तुम्हाला काही कळलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. त्या वर्षी मलाही ते असेच सुटे सुटे भेटले, आणि मी प्रत्येकाला वेगळं संकट समजून वेगळा नमस्कार करत राहिलो. आता ओळीने सांगतो. ओळ मोडली तर दोष माझा नाही, हकिगतीचा.

मी जव्हारला संस्थानी नोकरीत बारनिशी कारकून होतो. येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांवर आकडा टाकणं हे माझं काम. कचेरी कुठल्या खात्याची ते सांगत नाही. पेन्शन त्याच खात्यातून येतं.

हिला श्रावणापासून एकाआड एक दिवस ताप येई. सूर्य डोक्यावर आला की थंडी भरायची, मग अंग तापायचं, मग घाम. मधल्या दिवशी ती ठणठणीत असे आणि दोन दिवसांची कामं एका दिवसात उरकी. त्यामुळे ती आजारी आहे हे सासुरवाडीला पटे, मला पटे, फक्त तिलाच पटत नसे. कार्ड वाचून दाखवलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. ताटलीतला खडा तिने अंगणात भिरकावला.

"मी नाही जायची."

"अगं, हवापालट..."

"हवा पालटेल, पण मी कोण होईन तिथे? चौथी. मी पीठ मळायचं आणि फोडणी दुसरीने द्यायची. इथे आमटीत मीठ किती घालायचं ते मी ठरवते. तुम्हाला खारट लागलं तरी."

"लागतं कधी कधी."

"लागू दे."

हा प्रश्न वरवर मिठाचा दिसतो, पण तसा तो नव्हता. तापाने उतरलेल्या त्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं की ही बाई नाशिकला गेली तर बरी होईल, आणि पुन्हा कधी हसणार नाही. मी तिला म्हटलं, "दिवाळीच्या आत तुझा ताप घालवतो." पुरुषमाणसाने असली वाक्यं बोलण्यापूर्वी शेजाऱ्यांचा विचार करावा.

शेजारी आबा वर्तक. आबांना वैद्यकातलं सगळं येत होतं, रोगी बरा करणं तेवढं राहून गेलं होतं. माझं वाक्य भिंतीपलीकडून ऐकून ते धोतराचा सोगा सावरत हजर झाले.

"गुळवेल," ते म्हणाले. "दुसरं काही नको. अमृता म्हणतात तिला. तापाची वैरीण."

"मग सोपं आहे. आमच्या परसातल्या आंब्यावर चढलीय की!"

आबांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी आजही विसरलेलो नाही. "आंब्यावरची? अहो, गुळवेल ज्या झाडावर चढते त्याचे गुण घेते. आंब्यावरच्या गुळवेलीने लोणचं घाला. तापाला हवी कडुलिंबावरची. कडूवर वाढलेली कडू!"

आता जव्हारच्या पठारावर साग आहे, ऐन आहे, मोह आहे, करवंदाच्या जाळ्यांना तर गणती नाही. कडुनिंब कुठे दिसेल तर शपथ. पाऊस असा की लिंबाला इथे पडसं होत असावं. मी गावभर लिंब शोधत फिरलो. ज्याने त्याने आपापलं झाड दाखवलं. एकाने बकाणा दाखवला आणि म्हणाला, "पानं बघा, तसाच आहे. स्वभाव जरा निराळा."

अखेर लिंब सापडला तो पोशीच्या तोंडून. पोशी वांगणीकडून लाकडाची मोळी घेऊन यायची. तिची हाक गल्लीच्या टोकाला उमटली की बायका चुलीवरचं दूध उतरवीत. हाकेने उतू जातं असा समज होता.

"लिंब ना? मोखाड्याला हाय. बाजारात. माझी भावजय त्याच्याच खाली मिरच्या इकते. वेल पण हाय, अशी मनगटाएवढी!"

"मग उद्या जाऊन तोडून आणतो."

"तोडून आणतो!" पोशीने मोळी दाणकन टाकली. "भाजी हाय का ती? आधी आवतण द्याया लागतं. सांजचा जावा, तांदूळ ठेवा, सुपारी ठेवा, सांगा, बाय, आमचे घरी चल, अमकीला बरं नाय. नाव घेऊन सांगाचा. सकाळी उठून तोडायची. तिथून घरात येईतो बोलाचा नाय. मागं बघाचा नाय."

"बोललो तर?"

"तर रुसते ती. मंग रहातो निसता पाला."

"आणि बरोबर कुणी असलं तर?"

"त्येनं पण बोलाचा नाय," पोशी म्हणाली. "मीच येते सोबत. भावजयीला भेटाचा हाय."

त्या घडीला ती आपल्या हाताने कुठला खड्डा खणत होती हे तिला कळलं नाही. मलाही नाही.

*

मोखाडं ही इंग्रजी हद्द. बाजार उठत आला होता. लिंबाच्या बुंध्यावर गुळवेल खरंच मनगटाएवढी जाड होती. मी टोपी नीट केली, तांदूळ ठेवले, सुपारी ठेवली. तोवर माझ्याभोवती निम्मा बाजार जमला.

"काय करतो गं कारकून?"

"झाडाला जेवाया बोलवतो."

"आन आपल्याला?"

मी हलक्या आवाजात वेलीला म्हणालो, "उद्या आमच्या घरी चलावं. आमच्या... हिला बरं नाही."

"हिला कोनाला?" पोशी मागून ओरडली. "वेलीला कसा कळल? मोखाड्यात हिला-हिला लय हायत! नाव घे ना!"

लग्नाच्या पंगतीनंतर बायकोचं नाव मी कधी उच्चारलं नव्हतं. पंगतीतही उखाण्याच्या आडून घेतलं होतं. नुसतं, उघडं, बिनउखाण्याचं नाव तोंडातून निघेना. शेवटी मी डोळे मिटले आणि जे सुचलं ते म्हटलं :

"लिंबावरी चढे वेल, वेलावरी पान;
अन्नपूर्णेचा ताप उतरो, राखावा माझा मान."

मिरच्यांच्या पाट्या बाजूला ठेवून बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्यानं एवढा कधी केला नाय रं," आणि तिने मला फुकट मिरच्या दिल्या. इतका मान आणि इतकी लाज एकाच वेळी मला पुन्हा लाभली नाही.

*

सकाळी वेल कापली, वेटोळं खांद्यावर घेतलं, आणि तोंडाला कुलूप. पोशी माझ्यापुढे चालत होती. पहिल्या वळणावर तिने बाही ओढून मला पायवाट दाखवली. तिकडची सगळी माणसं पायवाटेनेच जात. सरकारी रस्त्याने संस्थानच्या हद्दीवरचा नाका लागतो, आणि नाक्यावरून फक्त माझ्यासारखे जातात. मी मान हलवली. मी संस्थानचा नोकर. संस्थानचा नोकर रस्ता असताना झुडपातून जात नाही. हे सगळं मी मुद्रेने सांगितलं. पोशीने जे उत्तर दिलं तेही मुद्रेनेच होतं, पण शिवी कळली.

नाकेदाराचं नाव पुंजाजी. घाटावरचा माणूस, त्या रानात एकटा पडलेला. दिवसचे दिवस बोलायला कुणी नाही. दोन माणसं येताना पाहून तो उठून उभा राहिला आणि त्याने अंगरख्याची गुंडी लावली. पुढचा संवाद असा झाला :

नाकेदार : यावं, यावं रावसाहेब! कुठून येणं केलंत?

मी :

नाकेदार : मोखाड्याचा बाजार काय म्हणतो?

मी :

नाकेदार : (पोशीकडे वळून) का गं बाई, हे मुके का?

पोशी :

नाकेदार : तू पण? खांद्यावर काय आहे?

मी : (खांदा दाखवतो.)

नाकेदार : दिसतंय मला. वेल आहे. पण बोला की! मी काय माणूस नाही? एवढा सरकारने बसवलेला माणूस दोन शब्द विचारतो, तर कचेरीतल्या लोकांना तोंड उघडायला जड होतं?

मी : (हात जोडतो.)

नाकेदार : हात नका जोडू. गेल्या आठवड्यात एकाने असेच हात जोडले आणि पोटाला मोहाची बाटली निघाली. माल हद्दीबाहेरचा आणि माणूस बोलत नाही. अडकवून ठेवतो. अर्ज करा.

त्याने माझ्या खांद्यावरचं वेटोळं काढून नाक्याच्या झोपडीच्या खांबाला टांगलं. मी तोंड उघडलं. पोशीने माझ्या पायावर पाय दिला. मी तोंड मिटलं.

सुज्ञ वाचक म्हणेल, वेल तर गेली, आता बोलायला काय हरकत? मीही पोशीकडे तोच प्रश्न डोळ्यांनी टाकला. तिने वेलीकडे बोट केलं, मग जव्हारच्या दिशेने, मग ओठांवर. वेलीला आवतण दिलेलं आहे. ती वाटेत आहे. ती घरात येईपर्यंत नियम चालू. दुसरी आणावी तर पहिलीचा अपमान. लिहिलेलं चालतं का, हे विचारायला बोलावं लागलं असतं.

*

अशा रीतीने मी जव्हारात मुका परतलो.

आबा वर्तक आले, माझी जीभ पाहिली, आणि वेखंड चाटवायला सांगून गेले. दुसऱ्याने हळद सुचवली, तिसऱ्याने सासुरवाडीला कळवायला सांगितलं. कचेरीत साहेबांनी विचारलं, "काम झालं का?" मी मान डोलावली. "तोंडाने सांगा." मी मान खाली घातली. साहेब म्हणाले, "मला हा उद्धटपणा आवडत नाही, पण कामात फरक पडलेला नाही, हे जास्त चिंतेचं आहे."

पोशीची दशा माझ्याहून वाईट. मोळी घेऊन ती गल्लीत उभी राही आणि नुसती बघे. लोकांची दुधं उतू जाऊ लागली.

आणि घरी? घरी ही बोलू लागली. मोखाड्याहून पायवाटेने आलेल्या बायकांनी तिला सगळं सांगितलं होतं. त्याबद्दल ती पहिल्या दिवशी एकदाच म्हणाली, "नाव घेतलंत म्हणे," आणि चुलीकडे तोंड करून बराच वेळ फुंकणी फुंकत बसली. चूल केव्हाच पेटली होती. त्यानंतर मात्र ती थांबलीच नाही. कोटाचा रंग, माझं घोरणं, तिच्या लहानपणची कपिला गाय, पहिल्या वर्षी मी तिच्या वरणाला हसलो होतो तो प्रसंग. मधल्या दिवशी चुलीशी बसून, तापाच्या दिवशी घोंगडीतून.

"लग्न झाल्यापासून," ती म्हणाली, "माझं बोलणं तुम्ही पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकताय."

मी :

"बघा. किती छान उत्तर दिलंत."

*

अर्ज मीच लिहिला. मीच स्वीकारला. मीच त्याच्यावर आकडा टाकला आणि पोच मलाच दिली. त्यात मी "औषधी वेल, घरगुती उपयोगासाठी" एवढंच लिहिलं. तांदूळ, सुपारी, आवतण यातलं एक अक्षर नाही. कचेरीच्या कागदावर शिकलेल्या माणसाने असलं काही लिहायचं असतं का? लिहिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माझ्या अब्रूला तेव्हा भाव फार होता.

मग अर्ज निघाला फिरायला. एका टेबलावर विचारणा झाली, वेल हे लाकूड की गवत? लाल शाईचा शेरा वर दिलाच आहे. दुसऱ्या टेबलावर म्हणाले, औषध असेल तर दवाखान्याकडे पाठवा. दवाखान्याने कळवलं, आमच्याकडे बाटलीत येतं त्याला औषध म्हणतात. तिसऱ्याने शंका काढली, वेल इंग्रजी हद्दीतली, तेव्हा तिकडची काही तक्रार आहे का? तिकडे पत्र गेलं. तिकडून उत्तर आलं की आमच्याकडे लिंब जागेवर आहे, वेलही जागेवर आहे, आपण कशाबद्दल विचारता हे समजत नाही. येणारा प्रत्येक कागद पहिल्याने माझ्यापुढे येई. मी आकडा टाकी. सुस्कारा टाकायचीही सोय नव्हती. सुस्कारा बोलण्यात धरतात की नाही, कोण जाणे.

दसरा गेला. दिवाळीच्या पणत्या लागल्या, विझल्या. ताप आपल्या पाळीने येत राहिला. आणि मग एके सकाळी हुकूम निघाला : "सदरहू कापलेली वेल अर्जदारास परत द्यावी."

मी तो हुकूम छातीशी धरून नाक्यापर्यंत जवळजवळ पळतच गेलो.

पुंजाजीने तो वाचला. पुन्हा वाचला. मग खिन्नपणे म्हणाला, "यात लिहिलंय, कापलेली वेल. कापलेली वेल कुठे आहे?"

मी वर पाहिलं.

गुळवेलीचा एक स्वभाव आबांनी सांगितला नव्हता. ती कापली तरी मरत नाही. खांबाला टांगल्या टांगल्या तिने सुतळीसारखी मुळं खाली सोडली होती. ती मुळं जमिनीत शिरली होती. वरून कोंब फुटून झोपडीच्या गवती छपरावर चढले होते, आणि हृदयाच्या आकाराची हिरवीगार पानं पुंजाजीच्या डोक्यावर डुलत होती.

"मीच पाणी घालत होतो," तो जरा लाजून म्हणाला. "सोबत झाली हो. मी बोलतो, ती ऐकते. तुमच्यासारखीच. पण आता ती उभी आहे. मूळ संस्थानच्या जमिनीत आहे. संस्थानच्या जमिनीतलं उभं झाड उपटायचा हुकूम यात नाही. तुम्हीच सांगा, आहे का?"

मी :

"तर मग. नवा अर्ज करा."

(इथला एक परिच्छेद गाळला आहे. त्यात मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसतो.)

तेवढ्यात नाशिकच्या बाजूने घुंगरं वाजली. छपराची बैलगाडी, आत गादी, लोड, पाण्याची कळशी, आणि माझा मेव्हणा.

"अरे, जावईबुवा! सामोरे आलात? अन्नू कशी आहे?"

मी :

"ताप आहे का अजून?"

मी : (मान डोलावतो.)

मेव्हण्याने माझा हुकूम धरलेला हात पाहिला, धुळीने माखलेली टोपी पाहिली, मिटलेलं तोंड पाहिलं. गाडीतून उतरून त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "काय ही हवा!" तो हळहळून म्हणाला. "तिला ताप दिला, तुमची वाचा नेली. उद्याच निघतो आम्ही. तुम्हालाही नेलं असतं, पण गाडीत जागा नाही."

*

त्या संध्याकाळी ही आतल्या खोलीत दार लोटून सामान बांधत होती. मी उंबऱ्यावर उभा होतो. मला एकच शब्द बोलायचा होता. राहा. बोललो तर वेल रुसणार आणि हा ताप तसाच राहणार. नाही बोललो तर ही जाणार. मी तोंड उघडलं. उघडंच ठेवलं.

मेव्हणा म्हणाला, "जांभया येताहेत तुम्हाला. झोपा."

*

सकाळी गाडी निघाली. ही आत गाठोड्यावर टेकून बसली होती. मेव्हणा पुढे, मी चाकाबरोबर पायी. मागून थोड्या अंतराने पोशी, डोक्यावर मोळी, तोंड शिवलेलं. असली मिरवणूक त्या रस्त्याने पाहिली नसेल. तो तापाचा दिवस होता. सूर्य वर चढत होता आणि मी प्रत्येक झाडाची सावली आखडताना बघत होतो.

नाक्यावर बांबू आडवा. पुंजाजी उठला, गुंडी लावली. "कुठे निघाली मंडळी?"

आणि ही गाडीतून उतरली. मेव्हण्याला वाटलं, पाणी हवं असेल. तिने आधी छपरावरच्या पानांकडे पाहिलं, मग पुंजाजीकडे.

"पुंजाजी तुम्हीच ना? ही वेल कुणाकडे निघाली होती?"

"अर्जदाराकडे, वहिनी."

"माझ्याकडे. मला बरं नाही म्हणून तिला घरी बोलावलं होतं. तांदूळ ठेवून, सुपारी ठेवून. माझं नाव घेऊन." इथे तिने पदर सारखा केला. "भर बाजारात."

पुंजाजीने माझ्याकडे पाहिलं. "आवतण दिलेलं होतं?"

"आवतण दिलेला पाहुणा तुम्ही उंबऱ्याशी अडवलात. ती घरी पोचेतो बोलायचं नाही, म्हणून हे दसऱ्याच्या आधीपासून गप्प आहेत. आणि ती पोशीसुद्धा. पोशी! कळतंय का तुम्हाला, काय केलंत ते?"

"अहो, मला काय ठाऊक?" पुंजाजी रडकुंडीला आला. "हे बोललेच नाहीत! अर्जात एक ओळ लिहायची! माझ्या आजीनेसुद्धा... आवतणाची वेल मी खांबाला टांगली? पण वहिनी, आता उपटू कशी? मूळ संस्थानच्या..."

"उपटू नका. पाहुणा घरी येत नसेल तर घर पाहुण्याकडे येईल. दादा, बैल सोड."

"अगं, आपण माहेरी निघालोय!"

"निघालोय ना. वाटेत जेवायचं नाही?"

पोशीला सांगावं लागलं नाही. तिने मोळी टाकली, ओढ्याकडे गेली आणि तीन दगड घेऊन आली. झोपडीच्या पुढच्या पडवीत, बरोबर त्या खांबापाशी, हिने ते मांडले. गाठोडं सोडलं. तवा निघाला, पातेलं निघालं, पळी निघाली, पिठाचा डबा निघाला.

"माहेरी जाताना तवा कोण नेतं गं?" मेव्हणा म्हणाला. ही लाकडं लावत होती. तिला ऐकू गेलं नसावं.

पुंजाजीने सरकारी छपराखाली विस्तव पेटवण्याबद्दल काहीतरी सुरू केलं. तेवढ्यात नाचणीच्या पिठाचा वास आला आणि नियम त्याच्या मनातून गेला. कितीतरी महिन्यांत त्याच्या नाक्यावर कुणी भाकरी थापली नव्हती.

"जिथे माझी चूल ते माझं घर," ही म्हणाली. "विचारा पोशीला, वेल घरात आली की नाही."

सगळे पोशीकडे वळले. न्यायाधीशाला इतका वेळ लागलेला मी पाहिला नाही. पोशीने चूल पाहिली. खांब पाहिला. छपराच्या भोकातून एक कोंब आत उतरून थेट पातेल्यावर लोंबत होता, तो पाहिला. छाती भरून श्वास घेतला.

"आली!"

ओढ्यापलीकडचे बगळे उडाले. मेव्हण्याच्या बैलांनी दाव्याला हिसडा दिला. आणि त्यानंतर पोशी जी बोलू लागली, ती पायवाटेबद्दल, शहाण्या कारकुनांबद्दल, ज्या गिऱ्हाइकांनी मध्यंतरी तिला मुकी समजून ओली लाकडं नाकारली त्यांच्याबद्दल. भाकऱ्या होईपर्यंत ती मोखाड्याच्या भावजयीपर्यंतही पोचली नव्हती.

हिने कोंब तोडला नाही. खांबावरच्या जाड वेलीचा एक तुकडा पुंजाजीने स्वतःच्या हाताने कापून दिला, म्हणाला, उपटण्याबद्दल हुकूम नाही, छाटण्याबद्दल मनाईही नाही. तिने तो ठेचला, उकळला, गाळला आणि पेला तोंडाला लावून जवळजवळ संपवला. उरलेला घोट माझ्या हातात दिला.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी प्यालो.

"कडू आहे," मी म्हणालो.

"इतके दिवस गप्प राहून हे?" ती म्हणाली.

माझा आवाज गंजला होता. मी घसा खाकरला. "अन्नपूर्णे," मी म्हणालो. मेव्हणा समोर, पुंजाजी बाजूला, पोशी चक्क गप्प. "राहा."

तिने भाकरी उलटली. "मीठ कमी पडलंय आज," ती म्हणाली. कुणालाच कमी पडलं नव्हतं.

सूर्य डोक्यावर आला. मेव्हण्याने जेवता जेवता हात थांबवला. पुंजाजीने घोंगडी आणून ठेवली. थंडी आली. तिच्या बोटांच्या पेरांवर ती दिसली, ओठांवर दिसली. ही म्हणाली, "एवढी शेवटची भाकरी होऊ दे," आणि चुलीजवळ सरकली. आम्ही बघत राहिलो. थंडी तिच्या कोपरापर्यंत आली, जरा रेंगाळली, आणि आत न शिरता माघारी गेली. दारापर्यंत येऊन गर्दी बघून परत फिरणारा पाहुणा असतो ना, तशी.

मेव्हण्याने हात धुतला. हिच्या कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाला, "संक्रांतीला येऊन बघतो. तोवर रोज इथे येऊन काढा घे." मग बैल जुंपले आणि मोकळी गाडी नाशिककडे वळवली. पुंजाजीने बांबू वर केला तो गाडी दिसेनाशी होईपर्यंत खाली आणला नाही.

पुढे ताप दोनदा डोकावला, मग आला नाही. दवाखाना म्हणतो, ते कोयनेल. आबा वर्तक म्हणतात, वेल नाक्यावर वाढली तरी जन्म लिंबावरचा. पोशी म्हणते, मी बोलले नाय म्हणून. पुंजाजी म्हणतो, पाणी कोण घालत होतं? मी कुणालाच नाही म्हणत नाही. एवढं शिकलो आहे.

नाक्यावर सोडलेलं ते सामान आदल्या संध्याकाळी तिने एकटीने बांधलं होतं, आणि तवा गाठोड्यात हाताशी येईल असा सगळ्यात वर ठेवला होता.